इतर नावं : नाहीत

पुरुषोत्तम आठल्यांना मी अजून माफ केलेलं नाही. भेटले की ते म्हणतात, "काय सुलभाताई, कसं काय?" मी म्हणते, "बरं आहे." पुढे एक शब्द नाही. माझा नवरा श्रीराम म्हणतो, अगं, तीन वर्षं झाली, सोड आता. का सोडू? जिच्यावर अन्याय झाला त्या बाईनं सोडला असेल राग, तिचा स्वभाव तसा. माझा नाही. मी नागपूरची आहे आणि माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं.

तर त्यांची बायको, पद्मिनी आठल्ये. आम्ही इथे अमेरिकेत पार्सिपनीला राहायला आलो तेव्हा ती समोरच्या बिल्डिंगमध्ये होती. मूळची मिरजेची. कॉलेजचं एक वर्ष झालं न झालं तोच लग्न, आणि सत्तर साली नवऱ्यामागोमाग इथे. पुरुषोत्तमराव केमिकल इंजिनियर. एक मुलगी, दीपा, इथेच जन्मलेली. पद्मिनी दिवसभर घरी चार लोकांची पोरं सांभाळायची, त्यांचं हगणं-मुतणं, खाणं-पिणं. बोलायची कमी. तिला ओरडताना मी कधी ऐकलं नाही, आणि मला तेच खटकायचं.

सत्त्याहत्तर साली पुरुषोत्तमराव सिटिझन झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या आईवडिलांना बोलावून घेतलं. चांगली गोष्ट आहे, मुलानं करावंच. पण वडिलांना आल्याआल्या अर्धांगवायू झाला, आणि मग पाच वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं कोणी केलं? सुनेनं. मुलगा संध्याकाळी कामावरून येऊन दारातून "कसं काय बाबा" विचारायचा आणि पेपर उघडून बसायचा. म्हातारे गेले, सासूबाई पुण्याला थोरल्या मुलाकडे परत गेल्या, तोवर पद्मिनीची कंबर कामातून गेली होती. तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मिरजेहून पत्र आलं. तिची आई, सुमित्राबाई मोघे, बहात्तर वर्षांची. पद्मिनीचे वडील त्र्यंबकराव केव्हाच गेलेले, आणि एकुलता एक भाऊ मोहन दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. म्हातारी दोन खोल्यांत एकटी. ती न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच ओल्या फरशीवर पडून राहिली. शेजारच्या प्रतापरावांनी कडी तोडली तेव्हा कुठे बाहेर आली. पत्र प्रतापरावांनीच लिहिलेलं. खाली थरथरत्या हातानं आईच्या दोन ओळी : "काळजी करू नये. मी बरी आहे."

मी त्या दिवशी तिच्याकडे इडलीचं पीठ द्यायला गेले होते. पुरुषोत्तमराव टेबलाशी बसले होते. पद्मिनी त्यांना म्हणाली, "अहो, आईला आणू या ना इथे."

ते म्हणाले, "मला फक्त माझे आईवडील आणता येतात. कायदाच तसा आहे. तुझी आई आणायची तर तू सिटिझन व्हायला हवंस."

हे खरं होतं, कायदा तसाच आहे. इथवर माझी तक्रार नाही. पण मग ते हसले. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाले, "आणि हिला कोण करून घेणार सिटिझन? सुलभाताई, हिला विचारा, सिनेट म्हणजे काय? सिंकचं नाव वाटेल तिला."

पद्मिनीनं माझ्या हातातलं पीठ घेतलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. माझं डोकं असं तापलं की बस. मी म्हटलं, "बुधवारी दहा वाजता तयार राहा. लायब्ररीत जायचंय."

त्या वेळी मी दर बुधवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत चार आपल्या बायकांना सिटिझनशिपचं शिकवत होते. मी एकोणऐंशीत सिटिझन झाले होते आणि शाळेत नागरिकशास्त्रात माझा पहिला नंबर असायचा, एवढीच माझी लायकी. सरकारनं छापलेली पातळ पुस्तकं मिळायची. राष्ट्राध्यक्ष किती वर्षांनी, काँग्रेसची सभागृहं किती, कायदा कोण करतं, कोर्ट काय करतं. पद्मिनी पाचवी आली.

आणि बाई अभ्यासाला अशी बसली की मला शिकवायची लाज वाटायला लागली. तिनं जुन्या दिनदर्शिकेची पानं उलटी करून त्यावर प्रश्न लिहिले आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवले. तांदळाच्या डब्यावर काँग्रेस. तुरीच्या डाळीवर राष्ट्राध्यक्ष. गव्हाच्या मोठ्या पिंपावर सुप्रीम कोर्ट. पोळ्या लाटताना ती पाढे म्हणावेत तसं म्हणायची : सिनेटर शंभर, मुदत सहा वर्षं, प्रतिनिधी चारशे पस्तीस, मुदत दोन वर्षं. सांभाळायला येणारी पोरंही तिच्यामागे म्हणायची. एका गुजराती बाईचा दोन वर्षांचा मुलगा घरी जाऊन "सुप्रीम कोट" म्हणायला लागला, ती बिचारी मला विचारत आली की ह्याला कोट हवाय का.

पण ती नुसतं घोकत नव्हती. एका बुधवारी आम्ही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं पान वाचत होतो. पद्मिनीनं विचारलं, "म्हणजे ह्या लोकांनी राजाविरुद्धच्या तक्रारींची यादीच केली?"

"हो. सत्तावीस तक्रारी आहेत म्हणतात."

"आधी अर्ज-विनंत्या केल्या होत्या?"

"केल्या होत्या. राजानं दाद दिली नाही. तेही त्यात लिहिलंय."

"मग?"

"मग काय, लढाई."

तिनं त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. घरी जाताना गाडीत म्हणाली, "आमच्या घरी तिन्ही खाती एकाच माणसाकडे आहेत गं. कायदाही तेच करतात, राबवतातही तेच, आणि निकालही तेच देतात." मी हसले. ती हसली नव्हती.

फॉर्म मी भरला. हे सांगायला मला आजही जड जातं, पण सांगितलंच पाहिजे, कारण घोटाळा माझ्या हातून झाला. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी एकेक रकाना विचारत गेले, ती उत्तर देत गेली. माहेरचं आडनाव? मोघे. लग्न कधी? चौसष्ट. आणि मग एक रकाना होता, तुम्ही वापरलेली इतर नावं. मी तिला विचारलंसुद्धा नाही. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं : नाहीत. तिनंही वाचलं आणि खाली सही केली.

नोव्हेंबरात मुलाखत झाली. मीच तिला गाडीतून नेलं. ती आत गेली, मी बाहेर बाकावर बसले. वाटलं, वीस मिनिटांत येईल. तासानं आली. चेहरा पांढरा पडलेला. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं.

ऑफिसरनं तिला उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली. मग फॉर्म समोर ठेवून तो एकेक ओळ विचारत गेला. तुम्ही कधी दुसरं नाव वापरलंय का? ती म्हणाली, नाही. त्यानं तिची जुनी फाइल उघडली. सत्तर साली व्हिसासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून दिलेला शाळा सोडल्याचा दाखला त्यात होता. त्यानं तो तिच्यासमोर सरकवला.

"मग ही वसुधा मोघे कोण?"

"मीच," ती म्हणाली. "म्हणजे, लग्नाच्या आधीची."

त्याला वाटलं आडनावाचा प्रश्न आहे. म्हणाला, आडनाव बदलतं ते ठीक, पण हे पहिलं नाव वेगळं आहे. ती म्हणाली, आमच्यात तेही बदलतं. कोणी बदललं? नवऱ्यानं. कुठल्या कोर्टात?

"कोर्टात नाही," ती म्हणाली. "ताटात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीनं नवीन नाव लिहितो."

ऑफिसरनं पेन खाली ठेवलं. तो उद्धट नव्हता, उलट ती म्हणाली की फार सभ्यपणे बोलला. पण तो म्हणाला, तुम्ही आत्ता शपथेवर सांगितलंत की दुसरं नाव नाही, आणि हा कागद सांगतो की आहे. ह्या दोघी एकच बाई आहेत ह्याचा पुरावा आणा. लग्नाला हजर असलेल्या, नाव बदललं हे स्वतः माहीत असलेल्या माणसाचं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र आणा. साठ दिवस. नाहीतर अर्ज नामंजूर. सरकारचं त्यानं एक अक्षर विचारलं नाही. सिनेटर शंभर, प्रतिनिधी चारशे पस्तीस, सगळं तिच्या पोटात तसंच राहिलं.

"सुलभा," ती म्हणाली, "त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि तो पुस्तकाच्या बाहेरचा."

मी गाडी सुरू करू शकले नाही. मला माझाच इतका राग आला होता. सहा वर्षं ही माझी मैत्रीण. आम्ही एकमेकींच्या घरची मिठाची बरणी कुठे असते ते जाणतो. आणि तिचं नाव वसुधा होतं हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. आपल्यात कोण विचारतं? आपल्याला ते दुसरं नाव वाटतच नाही. मागचा जन्म संपला, एवढंच. माझं नाव लग्नात बदललं नाही, ते का, तर माझ्या सासऱ्यांना सुलभा आवडलं. म्हणजे तेही माझं राहिलं ते त्यांच्या मेहेरबानीनं. पुढच्या बुधवारी मी वर्गात बाकीच्या चौघींना विचारलं. तिघींची नावं बदललेली होती. तिघींच्याही फॉर्मवर माझ्याच अक्षरात : नाहीत.

त्यांचे फॉर्म मी दुरुस्त करून दिले. पद्मिनीला प्रतिज्ञापत्र हवं होतं, आणि लग्नाला हजर असलेला, ताटात अंगठी फिरवणारा माणूस तर तिच्या घरातच सोफ्यावर बसलेला होता. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

पुरुषोत्तमराव म्हणाले, "मी असलं काही लिहून देणार नाही. मी काय गुन्हा केलाय, नोटरीपुढे उभं राहून कबूल करायला?"

तिनं समजावलं की गुन्हा नाही, नुसती माहिती आहे. ते म्हणाले, बघू. आठवड्यानं विचारलं, म्हणाले, ऑफिसात गडबड आहे. मग म्हणाले, ख्रिसमस होऊ दे. मग म्हणाले, एवढी काय घाई आहे सिटिझन व्हायची, घरात एक सिटिझन आहे ना, पुरे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या माणसाला सासू नकोच होती घरात. सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून सही अडवून बसला होता. ज्या बाईनं त्याच्या बापाचं पाच वर्षं बेडपॅन काढलं, तिची आई दोन खोल्यांत मरेना का. मी श्रीरामला म्हटलं, मी जाऊन त्यांचं तोंड फोडते. श्रीराम म्हणाला, तिचं घर आहे, तिला बोलू दे.

आणि ती बोलली. जानेवारीतला पहिला शनिवार होता. त्यांच्याकडे तीन जोडपी जेवायला होती, आम्ही धरून. पद्मिनी पुऱ्या तळत होती आणि गरम गरम आणून वाढत होती. पुरुषोत्तमराव रंगात आले होते. म्हणाले, "चला, आमच्या होऊ घातलेल्या सिटिझनबाईंची परीक्षा घेऊ. विचारा काहीही."

पाहुण्यांनी हसत हसत विचारलं. घटनेला दुरुस्त्या किती? ती पुरी वाढता वाढता म्हणाली, सव्वीस. बायकांना मत कधी मिळालं? एकोणीसशे वीस. राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघंही गेले तर? स्पीकर. पाहुण्यांचं हसणं हळूहळू थांबलं, कारण त्यांना स्वतःला ही उत्तरं येत नव्हती.

मग तिनं झारा ताटलीत ठेवला, पदराला हात पुसले आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आता मी विचारते. तुम्ही सात वर्षं सिटिझन आहात. सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती?"

"सात," ते म्हणाले. "का अकरा?"

"नऊ. आपल्या राज्याचे दोन सिनेटर कोण?"

त्यांना एकाचं नाव आलं. दुसऱ्यावर ते हसले. "हे काय आता, पाहुण्यांसमोर."

"हा शेवटचा," ती म्हणाली. "माझं नाव काय?"

श्रीखंडाचा चमचा कुणीतरी हळूच खाली ठेवला.

"वेडबिड लागलं का तुला?" पुरुषोत्तमराव म्हणाले.

"ऑफिसरनं विचारलंय. बावन्न दिवस झाले, आठ उरलेत. उत्तर लिहून हवंय, आणि ते तुम्हालाच लिहिता येतं, कारण ठेवलंत तुम्ही." तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझं नाव तीन शब्दांचं. पहिला तुम्ही ठेवलेला, दुसरा तुमचा, तिसरा तुमच्या वडिलांचा. मी कधी काही म्हटलं नाही. वडिलांचं सगळं केलं, त्याबद्दलही काही म्हणत नाही. पण तिकडे माझी आई न्हाणीघरात पडून राहते आणि इकडे तुम्हाला एक सही जड जाते, ह्याचा मला राग येतो. फार राग येतो. तुमचं तोंड बघवत नाही मला."

दीपा तेव्हा तेरा वर्षांची. ती जिन्याच्या पायरीवर ताट घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मॉम, यू हॅड अनदर नेम?" आणि मग बापाकडे बघून, "डॅड, जस्ट साइन इट."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "पण पुरुषोत्तमराव, बदललंत का हो? वसुधा काय वाईट होतं?"

ते म्हणाले, "आमच्या आत्याच्या मुलीचं नाव वसुधा होतं. घरात घोटाळा नको म्हणून."

"ती राहायची तुमच्या घरात?"

"नाही. इंदूरला."

"मग घोटाळा कसला?"

श्रीरामनं टेबलाखाली माझा पाय दाबला. मी पाय बाजूला घेतला. एकवीस वर्षं ही बाई दुसऱ्या नावानं जगली, कारण इंदूरला एक वसुधा आधीच होती. पद्मिनीला स्वतःलाही हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की पत्रिकेत काहीतरी निघालं असेल.

सोमवारी त्यांनी बँकेतल्या नोटरीपुढे सही केली. ती नोटरी एक म्हातारी अमेरिकन बाई होती. तिनं कागद वाचला, चष्म्यावरून पुरुषोत्तमरावांकडे बघितलं आणि विचारलं, "व्हाय?" ते म्हणाले, "कस्टम." तिनं शिक्का असा जोरात मारला की टेबलावरची पेनं हलली. हे मला पद्मिनीनं सांगितलं, आणि सांगताना ती कितीतरी दिवसांनी हसली.

फेब्रुवारीत दुसरी मुलाखत. तोच ऑफिसर. त्यानं कागद पाहिला, फाइलला लावला, आणि मग सरकारचे सहा प्रश्न विचारले. सहाच्या सहा बरोबर. तिनं डब्यांवरची सगळी पानं मनात उलटून ठेवली होती, तिला आणखी विचारावं असं वाटत होतं. पण तो म्हणाला, पुरे. मग म्हणाला, आता एकच. सर्टिफिकेटवर कुठलं नाव हवंय? पाहिजे तर शपथेच्या वेळी कोर्ट ते बदलून देतं.

ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. "मी त्याला विचारलं," ती म्हणाली, "की नवऱ्याची सही लागेल का. तो म्हणाला, नाही. फक्त तुमची."

पंच्याऐंशीच्या जूनमध्ये कोर्टात शपथ झाली. जजसमोर निरनिराळ्या देशांची शंभरेक माणसं. कारकून एकेक नाव पुकारत होता. "वसुधा मोघे आठल्ये" एवढं त्याचं म्हणून व्हायच्या आधीच ती उभी राहिली होती. मी मागच्या रांगेत रडले, आणि मी सहसा रडत नाही. माझ्या शेजारी पुरुषोत्तमराव टाय लावून बसले होते. ते हळूच म्हणाले, "आता सगळीकडे सह्या बदलत बसा." मी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या दिवसापासून आमचं जे बोलणं बंद झालं ते "बरं आहे"वर येऊन थांबलं.

पुढच्याच रविवारी सकाळी आठ वाजता मी वसुधाकडे गेले. आईच्या अर्जाचा फॉर्म आणला होता. डब्यांवरचे कागद तिनं अजून काढले नव्हते. पुन्हा तेच टेबल, पुन्हा मी लिहिणार. अर्जदार कोण? वसुधा मोघे आठल्ये, अमेरिकन नागरिक. तिनं "नागरिक" हा शब्द दोनदा म्हटला. कुणासाठी? आई, सुमित्रा त्र्यंबक मोघे. जन्म वाईला, सन बारा. पुढचा रकाना : इतर नावं, लग्नाआधीच्या नावासह.

माझा हात सवयीनं "नाहीत" लिहायला गेला. तिनं माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "सुलभा, मला माहीत नाही."

"आठव ना. वडील काय हाक मारायचे?"

"अगं. नाहीतर मोहनची आई. शेजारी काकू म्हणायचे." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आजोळचं कुणी मी कधी पाहिलंच नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं तिचं. सुमित्रा हे सासरचंच असणार. एवढा तमाशा केला मी स्वतःच्या नावासाठी, भर पंक्तीत नवऱ्याची लाज काढली, आणि आईला एकदाही विचारलं नाही. मला कशाचा राग येतो माहितीये? माझाच."

ती उठली आणि भिंतीवरच्या फोनवरून ऑपरेटरला मिरजेचा, प्रतापरावांच्या घरचा नंबर दिला. तिकडे संध्याकाळ होती. प्रतापरावांचा मुलगा आईला बोलवायला धावला. लाइन खरखरत होती, दोन्हीकडून ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे मला टेबलाशी बसून सगळं ऐकू येत होतं. म्हातारी धापा टाकत आली.

"काय झालं? दीपा बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. आई, तुझा कागद भरतेय. इकडे यायचा. तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"ते कशाला हवंय आता?"

"सरकारला हवंय."

"कुठल्या सरकारला?"

"माझ्या," वसुधा म्हणाली.

पुन्हा खरखर. मग म्हातारीचा आवाज एकदम खाली आला, मी खुर्ची फोनकडे सरकवली. "इथं माणसं आहेत गं. प्रताप आहे, त्याची बायको आहे."

"असू देत. सांग."

साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि आता ती चार माणसांत स्वतःचं नाव घ्यायला लाजत होती. वसुधानं घाई केली नाही. मिनिटं पळत होती, ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी पेन कागदावर टेकवून बसले होते.

"वेणू," पलीकडून आलं. "वेणू होतं. लिहिलंस?"

मी लिहिलं. "लिहिलं आई."

"नीट लिही. खोडू नकोस." मग म्हातारी म्हणाली, "एकदा म्हणून दाखव. बरोबर लिहिलंयस का कळेल."

वसुधानं माझ्याकडे पाहिलं. आईला नावानं हाक मारायची. तिनं डोळे मिटले.

"वेणू," ती म्हणाली.

आणि तिकडे मिरजेत, माणसांनी भरलेल्या त्या खोलीत, तिची आई म्हणाली, "ओ."